युद्धकाळातल्या ब्रिटिश रेशनवर आजचं घर चार आठवडे चालवायचं असेल तर

माझ्या ओळखीतल्या पाच-सहा घरांनी हा प्रयोग हौसेनं सुरू केला आणि बहुतेकांनी तो तिसऱ्या-चौथ्या दिवशी सोडून दिला. भूक लागली, मुलं रडकुंडीला आली, चहाला साखर उरली नाही, ही कारणं सगळीकडे तीच. चूकही सगळीकडे तीच. दुसऱ्या महायुद्धातल्या ब्रिटिश रेशनची यादी समोर ठेवायची (इतकं लोणी, इतकं चीज, इतकी साखर), ते एवढंसं ताटात मांडायचं आणि म्हणायचं, “लोक जगले कसे?”

लोक त्यावर जगले नाहीत. रेशनच्या वस्तू म्हणजे ताटाच्या डाव्या बाजूचं मीठ, लिंबू, लोणचं. उजव्या बाजूला पाव, बटाटा आणि भाजी होती आणि युद्ध चालू असेपर्यंत या तिघांवर रेशन नव्हतं. म्हणून मांडणी उजव्या बाजूनं सुरू करायची. क्रम उलटा झाला की प्रयोग फसलाच.

आम्ही इंग्लंडात राहतो. घरात चार माणसं. मी आणि दहा वर्षांचा मुलगा शाकाहारी, नवरा आणि चौदा वर्षांची मुलगी सामिष. खालचे आकडे याच चौघांचे आहेत, तुम्ही आपापल्या घराप्रमाणे बदला.

सुरू करण्याआधी एक सूचना. घरात गरोदर किंवा अंगावर पाजणारी बाई, पाच वर्षांखालचं मूल, मधुमेही, किंवा खाण्याशी ज्याचं कधी बिनसलेलं आहे असं कुणी असेल, तर त्यांना यात ओढू नका. त्या काळीसुद्धा गरोदर बायकांना आणि लहान मुलांना रेशनचं वेगळं हिरवं पुस्तक, रोज एक पिंट (साधारण ५७० मिलीलिटर) दूध आणि फळांवर पहिला हक्क मिळत होता, तो उगाच नव्हे.

## टप्पा १ : एकच वर्ष ठरवा

ब्रिटनमध्ये रेशन सुरू झालं ८ जानेवारी १९४० ला, बेकन, लोणी आणि साखर या तीन वस्तूंपासून. मार्चमध्ये मांस आलं, जुलैत चहा आणि मार्गारीन, १९४१ च्या वसंतात जॅम आणि चीज. डबाबंद वस्तूंसाठी गुणांची पद्धत (माणशी ठरावीक गुण, ते हव्या त्या वस्तूवर खर्चायचे) १ डिसेंबर १९४१ पासून, आणि मिठाई-चॉकलेट जुलै १९४२ पासून. शेवटी मांसावरचं रेशन उठलं ते जुलै १९५४ मध्ये. मधल्या काळात प्रमाणं सतत खालीवर होत राहिली. चीज सुरुवातीला आठवड्याला एक औंस (२८ ग्रॅम) होतं, १९४२ च्या उन्हाळ्यात काही काळ आठ औंस झालं आणि पुन्हा उतरलं.

लोक नेमकं काय करतात, तर १९४० ची साखर घेतात, १९४२ चं चीज घेतात आणि वर “रेशन काही वाईट नव्हतं हं” म्हणतात. किंवा प्रत्येक वस्तूचा सगळ्यात हलाखीचा आकडा उचलतात. दोन्ही खोटं.

१९४३ च्या सुमाराची पातळी धरा. तोवर सगळ्या पद्धती रुळल्या होत्या, अंड्याची पूड आली होती, दुधाची पूड आली होती. एका मोठ्या माणसाचा आठवड्याचा वाटा असा:

- साखर २२७ ग्रॅम
- लोणी ५७ ग्रॅम
- मार्गारीन ११३ ग्रॅम
- स्वयंपाकाची चरबी ५७ ग्रॅम
- चीज ५७ ग्रॅम
- चहापत्ती ५७ ग्रॅम
- दूध ३ पिंट, म्हणजे १.७ लिटर
- बेकन ११३ ग्रॅम
- ताजं अंडं १, तेही मिळालं तर

मांस वजनावर नव्हे तर किमतीवर मिळे, एक शिलिंग दोन पेन्सचं. स्वस्त तुकडा घेतला तर जास्त, चांगला घेतला तर कमी. हिशोबाला साधारण ५०० ग्रॅम धरा.

चार आठवड्यांनी एकदा मिळणाऱ्या वस्तू वेगळ्या लिहा: मिठाई-चॉकलेट ३४० ग्रॅम, जॅम सुमारे २२७ ग्रॅम, बारा अंड्यांच्या बरोबरीची अंड्याची पूड, चार पिंट दूध होईल एवढी साय काढलेल्या दुधाची पूड, आणि डबाबंद-सुक्या वस्तूंसाठी वीस गुण.

हे कागदावर लिहून फ्रिजवर चिकटवा. मोबाइलमध्ये ठेवू नका, कारण मुलांनी येता-जाता बघायला हवं.

## टप्पा २ : कुणाचं कुठलं पुस्तक

मोठ्यांचं पुस्तक फिकट बदामी, पाच ते सोळा वर्षांच्या मुलांचं निळं. निळ्या पुस्तकावर रोज अर्धा पिंट दूध, म्हणजे आठवड्याला साधारण दोन लिटर, आणि मांस मोठ्यांइतकंच. तेव्हा आमच्या घराचं दूध झालं दोन मोठ्यांचं ३.४ आणि दोन मुलांचं ४, एकूण ७.४ लिटर.

आता आपल्या लोकांच्या कामाची गोष्ट. शाकाहाऱ्यांना तेव्हा नाव नोंदवून मांस आणि बेकनचे हक्क परत करता येत आणि त्याबदली जास्तीचं चीज मिळे. हे ठाऊक नसल्यानं कित्येक मराठी घरं बेकन-मांस नुसतं सोडून देतात आणि आधीच तुटपुंजं असलेलं प्रथिन आणखी कमी करून बसतात. आम्ही शाकाहारी माणसाला चीज एकूण २२७ ग्रॅम धरलं. चौघांचं मिळून ५६८ ग्रॅम चीज, एक किलो मांस आणि २२६ ग्रॅम बेकन झालं.

सावधान. शाकाहाराची नोंद महिनाभराची. सोमवार ते शुक्रवार जास्तीचं चीज आणि रविवारी मटणाचा रस्सा, हे चालणार नाही. आमच्याकडे पहिल्याच रविवारी धाकट्यानं चुळबुळ केली होती. त्याला कारण मटण नव्हे. कारण होतं बेकनच्या चरबीत तळलेल्या बटाट्यांचा वास.

## टप्पा ३ : कपाटं बंद करा

हा टप्पा सगळे गाळतात आणि इथेच घसरतात. सूर्यफुलाचं तेल समोर दिसत असताना सत्तावन्न ग्रॅम चरबीवर आठवडा काढायचा निश्चय संध्याकाळी साडेसहाला टिकत नाही.

एका मोठ्या खोक्यात भरून वर टाका: तेलं सगळी (त्या काळी इथे ऑलिव्ह तेल औषधाच्या दुकानात छोट्या बाटलीत मिळायचं, कानात घालायला), तूप, तुरीची डाळ, पोहे, रवा, पास्ता, काजू-बदाम, लिंबं, केळी, नारळ, बाहेर मिळणारे सॉस, फरसाण. केळी आणि लिंबं तेव्हा ब्रिटनमधून जवळपास नाहीशी झाली होती. कांदाही १९४० च्या उन्हाळ्यानंतर दुर्मीळ झाला, कारण तो यायचा फ्रान्सच्या ब्रिटनी प्रांतातून आणि चॅनल बेटांवरून, आणि दोन्हीकडे जर्मन बसले. कांद्याशिवाय स्वयंपाक ही आपल्याला सगळ्यात जड जाणारी शिक्षा. आम्ही आठवड्याला चौघांत दोन कांदे असा नियम केला आणि बाकी काम लीकवर (कांद्याच्या कुळातली जाड पातीची भाजी) भागवलं. लीकचा पांढरा भाग बारीक चिरून मंद आचेवर झाकून ठेवला की कांद्याची उणीव बऱ्यापैकी भरून निघते. हिरव्या पातीचं दुसऱ्या दिवशी सूप.

मसाल्यांचं काय, हे मला सगळ्यात जास्त विचारतात. मसाल्यांवर रेशन नव्हतं, पण ते मिळतीलच याची खात्रीही नव्हती. इंग्रजी वाणसामानात करी पावडरचा डबा मात्र ओळखीचा होता. आम्ही मोहरी, मिरपूड आणि करी पावडरचा एक डबा महिन्याला ठेवला. हळद-तिखट त्यातच आलं असं धरलं. गोडा मसाला खोक्यात गेला. तुम्हाला नसेल जमत तर ठेवा बापडे, पण आधी ठरवा आणि मग बदलू नका.

फ्रिज मात्र वापरा. तेव्हा थोड्याच घरांत होता, पण शिळ्यापाक्यातून पोट बिघडवून घेण्यात काही मर्दुमकी नाही.

## टप्पा ४ : आधी गुण खर्च करा, मग आठवडा मांडा

गुणांची पद्धत म्हणजे महिन्याचा खिसाखर्च. वीस गुण, कुठल्याही दुकानात, हव्या त्या वस्तूवर: तांदूळ, वाटाण्याची डाळ, मसूर, मनुका, डबाबंद मासे, बिस्किटं, ओट्स. अन्नखातं साठा आणि मागणी बघून प्रत्येक वस्तूचे गुण बदलत राही. म्हणून एकच ‘खरा’ तक्ता शोधत बसू नका. घरापुरता एक ठरवा. आमचा असा होता: दर ४५४ ग्रॅमला डाळ ४ गुण, तांदूळ ८, मनुका ८, ओट्स ४.

चौघांचे ऐंशी गुण. मी पहिल्या खेपेला तांदळावर उधळले आणि तिसऱ्या आठवड्यात डाळीचा डबा खणखणला. दुसऱ्या खेपेला असं केलं:

- मसूर आणि वाटाण्याची डाळ मिळून साडेचार किलो: ४० गुण
- तांदूळ ९०० ग्रॅम: १६ गुण
- ओट्स ९०० ग्रॅम: ८ गुण
- मनुका ४५० ग्रॅम: ८ गुण
- शिल्लक ८ गुण, चौथ्या आठवड्यासाठी, हात लावायचा नाही

साडेचार किलो डाळ म्हणजे माणशी रोज चाळीस ग्रॅम. रोजचं एक वाटी वरण निघतं. भात मात्र आठवड्यातून दोनदा, तोही मुदीपुरता. भाताशिवाय जेवण झालं असं न वाटणाऱ्यांनी आधीच मन घट्ट करावं. पोळीला मात्र मनाई नाही, कारण पीठ मोकळं होतं.

तपासा. दुसऱ्या आठवड्याच्या शेवटी डाळ अर्ध्याहून जास्त संपली असेल तर वरण पातळ करू नका. दोन दिवस वरणाऐवजी चीज वापरा.

## टप्पा ५ : ताटाची उजवी बाजू भरा

पाव. १९४२ पासून पांढरा पाव बंद होऊन ‘नॅशनल लोफ’ आला. गव्हातला पंच्याऐंशी टक्के भाग पिठात राहील असं दळण. तसं पीठ दुकानात शोधत फिरू नका. पूर्ण गव्हाचं पीठ शंभर टक्के, पांढरं पीठ साधारण बहात्तर टक्के. दोन्ही निम्मं-निम्मं मिसळलं की छ्याऐंशीच्या आसपास येतं. त्याचाच पाव, त्याच्याच पोळ्या. या मिश्रणाचा आणखी एक फायदा आहे. युद्धाच्या सुरुवातीला एल्सी विडोसन आणि रॉबर्ट मॅकन्स या केंब्रिजच्या संशोधकांनी स्वतःवरच तुटपुंज्या आहाराचा प्रयोग केला आणि मग लेक डिस्ट्रिक्टच्या डोंगरांत पायपीट करून अंगात ताकद राहते का ते पाहिलं. ताकद राहिली, पण कॅल्शियम कमी पडतं असं दिसलं. म्हणून पिठात खडू मिसळायला सुरुवात झाली. ब्रिटनमधल्या पांढऱ्या पिठात तो आजही कायद्यानं मिसळतात, पूर्ण गव्हाच्या पिठात नाही. निम्मं मिश्रण केलंत की तोही वाटा मिळतो.

आम्हाला रोज आठशे ग्रॅमचा एक पाव किंवा तेवढ्याच पिठाच्या पोळ्या लागल्या. पोळीला तेल लावायचं नाही, कणकेतही नाही. कणीक कोमट पाण्यात सैलसर भिजवून अर्धा तास झाकून ठेवा, फुलके होतात. मऊ राहायला फडक्यात गुंडाळा.

बटाटा. आठवड्याला चौघांत नऊ किलो. होय, नऊ. ज्यांचा प्रयोग फसला त्यांच्या घरी दोन किलो आणलेले होते. सालीसकट उकडा. अन्नखातं तेव्हा हेच कानीकपाळी सांगत होतं, कारण सोलण्यात चांगला गर जातो. सकाळी उकडलेले बटाटे संध्याकाळी पावाच्या पिठातही जातात, भाजीतही, थालीपिठातही.

भाजी. हंगामातली आणि इथे पिकणारीच. हिवाळ्यात कोबी, गाजर, स्वीड, सलगम, बीट, केल, पार्सनिप. टोमॅटो उन्हाळ्यातच. आंबटपणाला चिंच-लिंबू नाही, म्हणून व्हिनेगर, आंबट सफरचंद किंवा रूबार्ब (आंबट देठांची एक भाजी). रूबार्बचे देठ बारीक चिरून वरणात शिजवले तर चिंचेची आमटी खाल्ल्यासारखं वाटतं. ही आमच्या घरची सगळ्यात मोठी कमाई.

सावधान. रूबार्बचं पान विषारी असतं. अळूचं फदफदं आठवून पानाकडे हात वळू देऊ नका. फक्त देठ.

पहिल्या आठवड्यात पोटात वारा धरेल. एवढा पाव, बटाटा आणि कोबी एकदम पोटात गेला की धरणारच. विडोसन-मॅकन्स यांचीही तीच तक्रार होती आणि जेवायला वेळ फार लागतो ही दुसरी. म्हणून जेवणाला नेहमीपेक्षा पंधरा मिनिटं जास्त ठेवा. मुलांना शाळेला उशीर व्हायचा नसेल तर ओट्सची पेज रात्रीच करून ठेवा.

## टप्पा ६ : साखर, चहा, दूध यांचं भांडण आधीच मिटवा

हे भांडण प्रत्येक मराठी घरात होणार. हिशोब बघा. दिवसाला तीन कप चहा, कपाला दोन लहान चमचे म्हणजे दहा ग्रॅम साखर. आठवड्याचे एकवीस कप, दोनशे दहा ग्रॅम साखर. रेशन दोनशे सत्तावीस! सगळी साखर चहात विरघळली. दुधाचंही तसंच. दिवसाला २४० मिलीलिटर दूध, कपाला साठ धरलं तर तीन कपांत १८० गेलं. ओट्सला काय, दह्याला काय?

चहापत्ती मात्र पुरते. सत्तावन्न ग्रॅममध्ये दिवसाला तीन कप सहज निघतात, फक्त उकळून काढा न करता झाकून मुरवायची.

काय करायचं:

१. रविवारी रात्री वजनकाटा काढा आणि साखर माणशी वेगळ्या बरणीत भरा, नाव घालून. पण दोनशे सत्तावीस नाही, दीडशे. उरलेली चौघांची तीनशे आठ ग्रॅम घरच्या सामायिक डब्यात जाते, शिरा-खीर-केकसाठी. त्या काळी अनेक घरांत लोण्याची बशी आणि साखरेची बरणी अशी माणशी वेगळी असे. कंजूषपणा वाटेल, पण वाद थांबतात.

२. चहातली साखर पहिल्या दिवसापासून निम्मी करा. एका आठवड्यात जीभ वळते. नवऱ्याची दहा दिवसांनी वळली.

३. दही ताज्या दुधाचं लावू नका. दुधाच्या पुडीचं लावा. चौघांची महिन्याची पूड म्हणजे नऊ लिटर दूध, म्हणजे आठवड्याला सव्वादोन लिटर, म्हणजे माणशी रोज अर्धी वाटी दही. लिटरभर कोमट उकळलेल्या पाण्यात ११० ते १२० ग्रॅम पूड फेटा, गुठळ्या गाळून घ्या, बोटाला सोसेल इतकं कोमट असताना विरजण लावा. पूड कमी घातली की दही पाणचट लागतं, ही ठरलेली चूक.

४. साय. इथे आपण इंग्रजांच्या पुढे आहोत. त्या काळी इंग्रज बायका बाटलीच्या वरची साय बरणीत हलवून लोण्यात भर घालत. आपल्याला विरजण, लोणी, ताक, तूप ही अख्खी साखळी ठाऊक आहे. फक्त दूध ‘होमोजिनाइज’ न केलेलं आणा, नाहीतर साय धरणारच नाही. आमचं आठवड्याला जेमतेम चार चमचे तूप झालं. वरणावर थेंब थेंब पडलं.

जॅमच्या वाट्याऐवजी काही काळ साखर घेता येत असे. घरात सफरचंद किंवा रूबार्ब भरपूर असेल तर तो पर्याय घ्या. नसेल तर जॅमच घ्या, न्याहारीला लागतं.

## टप्पा ७ : फोडणी

आठवड्याला स्वयंपाकाची चरबी चौघांची २२८ ग्रॅम. रोजची बत्तीस. म्हणजे दिवसभरातल्या सगळ्या फोडण्या मिळून अडीच मोठे चमचे. आजच्या मराठी घरात एका भाजीत एवढं जातं.

पहिली चूक म्हणजे मार्गारीनमध्ये फोडणी. त्यात पाणी असतं. ते तडतडतं, फेस येतो, मोहरी फुटायच्या आत तळ करपतो. डब्यातून मिळणाऱ्या आजच्या मऊ मार्गारीनमध्ये तर पाणी आणखी जास्त. मार्गारीन पावाला आणि पोळीला, तेही घट्ट वडी असलेलं आणा. फोडणीला घट्ट पांढरी वनस्पती चरबी वापरा. सामिष घरात डुकराची चरबी चालेल. तीच तेव्हाची खरी वस्तू.

दुसरी चूक, प्रत्येक पदार्थाला वेगळी फोडणी. दिवसाला एकच फोडणी करा, लहान कढल्यात, आणि ती वरण आणि भाजी दोन्हींत वाटून घाला. भाजी आधी झाकणावर पाणी ठेवून वाफेवर शिजवायची, फोडणी शेवटी वरून. आधी फोडणीत परतली तर चरबी भाजी पिऊन टाकते आणि वास जिभेपर्यंत पोचत नाही.

मटण-बेकन भाजताना निथळलेली चरबी गाळून वेगळ्या बरणीत. बरणीवर ठळक अक्षरात ‘सामिष’. आमच्याकडे ते लिहायचं राहिलं होतं. टप्पा दोन आठवा.

तपासा. बुधवारी रात्री चरबीची वडी काट्यावर ठेवा. चौघांच्या घरात १३० ग्रॅमच्या आसपास उरलेली हवी. शंभरच्या खाली असेल तर गुरुवार-शुक्रवार उकडलेलं.

## टप्पा ८ : अंड्याची पूड

एक सपाट मोठा चमचा, म्हणजे साधारण बारा ग्रॅम पूड आणि दोन मोठे चमचे पाणी म्हणजे एक अंडं. चमचा शिगोशीग भरू नका, ऑम्लेट रबरासारखं होतं. पूड कोरडी असतानाच गुठळ्या मोडा, मग थोडं थोडं पाणी, पाच मिनिटं तसंच ठेवा आणि लगेच वापरा. भिजवलेली पूड सकाळसाठी ठेवायची नाही, लवकर नासते.

ऑम्लेट, केक, पॅनकेक यांना चांगली. आम्ही उकडलेला बटाटा आणि लीक कुस्करून त्यात दोन अंड्यांची पूड घातली आणि तव्यावर जाड धिरडं केलं. मुलांना आवडलं. ताजं अंडं मात्र पुडीच्या कामाला लावू नका. ते उकडून किंवा अर्धकच्चं तळून, ज्याचं त्यानं, रविवारी.

## टप्पा ९ : गवताची पेटी

जळण वाचवायला तेव्हा हे सर्रास करत. पातेलं उकळून गवत भरलेल्या पेटीत ठेवायचं, बाकी आपोआप शिजतं. आज गवताऐवजी जुन्या उशा, पांघरूण, थर्माकोलचा खोका. मसूर किंवा वाटाण्याची डाळ पंधरा मिनिटं खळखळ उकळा, घट्ट झाकण लावा, पेटीत चारही बाजूंनी आणि वरूनही दाबून बसवा. साधारण चार तासांनी काढा आणि परत उकळी आणा.

तीन गोष्टी चुकतात. पातेलं अर्धं भरलेलं असतं, मग ते भरभर निवतं, म्हणून निदान पाऊण भरा. मधे मधे उघडून बघतात. आणि काढल्यावर पुन्हा उकळी न आणताच वाढतात.

सावधान. काढताना अन्नाचं तापमान ६३ अंश सेल्सियसच्या खाली गेलेलं असेल तर ती खेप फेकून द्या आणि पुढच्या वेळी भोवती जास्त उशा लावा. साधा स्वयंपाकाचा थर्मामीटर पुरतो. राजमा या पेटीत करूच नका. भिजवून, पाणी बदलून निदान दहा मिनिटं खळखळ उकळल्याशिवाय त्यातलं विष जात नाही आणि नुसत्या ऊबेत ते राहतं.

## टप्पा १० : बाहेरचं खाणं आणि शिळं

शाळेचं आणि कचेरीच्या खानावळीचं जेवण घरच्या पुस्तकातून वजा होत नसे. तेव्हा मुलांनी शाळेत जेवावं, त्यात लबाडी नाही. हॉटेलात तुम्हाला एकच मुख्य पदार्थ, मासे किंवा मांस, दोन्ही नाही. १९४२ पासून पाच शिलिंगांची मर्यादाही होती. आम्ही महिन्यातून एकदाच गेलो आणि मासे घेतले, कारण माशांवर रेशन नव्हतं.

अन्न वाया घालवणं १९४० पासून ब्रिटनमध्ये गुन्हा होता. घरापुरता याचा अर्थ एवढाच: शिळ्या पावाचा चुरा सुकवून डब्यात, उकडलेल्या भाजीचं पाणी वरणात, गुरुवारी फ्रिजमधलं सगळं उरलंसुरलं एका ताटात. तेव्हाचे अन्नमंत्री लॉर्ड वूल्टन यांच्या नावाचा ‘पाय’ (वर आवरण घालून भाजलेला इंग्रजी पदार्थ) त्यातूनच होतो: बटाटा, गाजर, स्वीड, फुलकोबी, थोडे ओट्स, वर कणकेचं किंवा कुस्करलेल्या बटाट्याचं आवरण. मूळ कृती लंडनच्या सॅव्हॉय हॉटेलातल्या आचाऱ्याची आहे, तरी लागते मिळमिळीत. करी पावडर आणि मोहरी घाला.

## रोजचा क्रम

सकाळी बटाटे उकडायला, कणीक भिजवायला. डाळ उकळून पेटीत. नंतरच्या स्वयंपाकात आधी पाव किंवा पोळी, मग बटाटा-भाजी, मग वरण, आणि ताटं वाढल्यावर शेवटी लोणी, चीज, मांस वजन करून. मांस आणि चीज आधी वाढलं की मुलं तेवढं खातात, उठतात आणि नऊ वाजता भुकेली होतात. आम्ही दुसऱ्या आठवड्यापासून चीज ताटात न ठेवता किसून भाजीवर टाकायला लागलो. पंधरा ग्रॅम किसलेलं चीज तीस ग्रॅमच्या फोडीएवढं दिसतं.

हिवाळ्यात करत असाल तर ड जीवनसत्त्वाची गोळी सुरू ठेवा, रोज दहा मायक्रोग्रॅम. तेव्हा लहान मुलांना कॉड माशाच्या यकृताचं तेल आणि संत्र्याचा घट्ट रस सरकारकडून मिळे. तुमची गोळी त्याच खात्यात धरा.

दर रविवारी सगळ्यांचं वजन लिहा. मोठ्या माणसाचं आठवड्याला अर्ध्या किलोपेक्षा जास्त उतरत असेल तर पाव-बटाटा वाढवा, रेशन नव्हे. वाढत्या वयाच्या मुलाचं वजन उतरलंच तर त्याच्यापुरता प्रयोग त्याच दिवशी बंद.

एकोणतिसाव्या दिवशी खोकं खाली काढाल तेव्हा तेल एकदम सुरू करू नका. महिनाभर एवढ्या कमी चरबीवर राहिल्यावर पहिल्याच दिवशी बटाटेवडे केले की अख्खं घर आडवं होतं. आमचं झालं होतं. आधी दोन दिवस नुसती नेहमीची फोडणी, आणि तळण तिसऱ्या दिवशी.